पाच तारांचा बँजो: ई मायनर जमतो, ए मायनर बेसूर लागतो आणि जी मायनर मायनर वाटतच नाही

प्रश्न : साताऱ्याची पेटीवाली (सध्या मुक्काम रॅले)

सर्वांना नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून गेली काही वर्षे नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे राहते. लहानपणी गावातल्या गुरुजींकडे मी आठ वर्षे पेटी शिकले, त्यामुळे स्वरज्ञान बऱ्यापैकी आहे, मात्र तंतुवाद्याला या वयात पहिल्यांदाच हात लावला आहे. पाच महिन्यांपूर्वी मी पाच तारांचा बँजो घेतला. ज्या राज्यात प्रसिद्ध बँजोवादक अर्ल स्क्रग्ज जन्मले त्या राज्यात राहून हे वाद्य कानावर पडत नाही असे होत नाही, आणि शेल्बी येथील त्यांच्या नावाचे संग्रहालय पाहून आल्यावर तर मला राहवले नाही.

बँजो नेहमीच्या ‘ओपन जी’ पद्धतीने लावलेला आहे. मेजर कॉर्ड (सा, शुद्ध ग आणि प हे सूर एकत्र) सोपे गेले, कारण सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या की जी मेजर आपोआपच वाजतो आणि एक बोट आडवे ठेवून वर सरकत गेले की पुढचे मिळत जातात. मायनरला मात्र माझे घोडे अडले आहे. ई मायनर पहिल्याच दिवशी जमला आणि गोडही लागला. ए मायनरमध्ये बोटे बरोबर जागी असूनही काहीतरी बोचते, जणू एक सूर किंचित चढा लागतो. जी मायनरची गंमत तर वेगळीच आहे. पुस्तकातील चित्राप्रमाणे बोटे ठेवून एकदम झणकारले तर तो मायनर वाटतो, पण उजव्या हाताने एकेक तार छेडू लागले की त्यातली ती उदास छटा नाहीशी होते. पेटीवर सा, कोमल ग आणि प दाबले की काम होते, मग इथे काय चुकते आहे? दुसरी तार अर्धा सूर उतरवून मायनर मिळवावा, असेही एकाने सुचवले. ते योग्य आहे की ती पळवाट आहे?

उत्तर १ : लालबागचा बेंजोवाला

ताई, शीर्षक वाचून मी धावत आलो, पण दुसऱ्याच परिच्छेदात लक्षात आले की आपला बेंजो वेगळा आणि माझा वेगळा. गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत आम्ही जो वाजवतो त्यालाही सगळे बेंजोच म्हणतात, परंतु तो मुळात बुलबुल तरंग, म्हणजे जपानच्या तैशोगोतोचा भाऊबंद. ते वाद्य १९१२ साली नागोयात तयार झाले आणि त्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात. इथे पुढे गोंधळ होऊ नये म्हणून अमेरिकी वाद्याला ‘बँजो’ आणि आमच्या वाद्याला ‘बेंजो’ लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्या प्रश्नाबाबत एवढेच सांगू शकतो की आमच्याकडे एक कळ दाबली की सुराच्या सगळ्या तारा एकाच जागी दाबल्या जातात, त्यामुळे कॉर्ड असा निघतच नाही आणि मायनर दाखवायचा तर सा, कोमल गंधार, पंचम असे सुटे सूर एकामागून एक घ्यावे लागतात. अशा वेळी कोमल गंधार कितव्या ठोक्यावर येतो आणि किती वेळा येतो यावर सगळा रंग ठरतो. आपणही एकेक तार सुटी छेडता, तेव्हा दुखणे तिथेच असावे असे मला वाटते. पुढचे जाणकार सांगतील.

उत्तर २ : मडगावचा गिटारवाला

मी गिटार वाजवतो आणि अधूनमधून मित्राचा बँजो हाताळतो, त्या अनुभवावरून लिहितो. गिटारच्या खालच्या चार तारा डी, जी, बी, ई अशा असतात आणि बँजोच्या चार लांब तारा डी, जी, बी, डी अशा असतात, म्हणजे दोहोंत फरक फक्त पहिल्या तारेचा आहे आणि तीही एका पूर्ण सुराने उतरलेली आहे एवढाच. म्हणून गिटारचा कोणताही आकार घ्यावा, चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवरची बोटे तशीच ठेवावीत आणि पहिल्या तारेवर दोन पडदे वाढवावेत. चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत पडदे मोजले (० म्हणजे मोकळी तार) तर गिटारवरचा ई मायनर २-०-०-० असतो, तो बँजोवर २-०-०-२ होतो. ए मायनर २-२-१-० चा २-२-१-२ होतो आणि डी मायनर ०-२-३-१ चा ०-२-३-३ होतो. गिटार येणाऱ्या कोणाही मित्राला सोबत घेऊन बसलात तरी निम्मे काम होईल.

तार उतरवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. चार लोक जमून वाजवत असतील तर एका गाण्यासाठी तार उतरवायची, पुढच्यासाठी परत चढवायची आणि तोवर सगळ्यांनी खोळंबून राहायचे, हे मला रुचत नाही. आमच्या गोव्यातल्या मांडोत तर एकाच गाण्याच्या पोटात मायनर आणि मेजर यांची ये-जा चालते, तिथे मधेच खुंटी पिळत कोण बसणार?

उत्तर ३ : पिट्सबर्गचा निवृत्त अभियंता

ताईंचा प्रश्न मला आवडला, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही याच दगडाला ठेचकाळलो होतो. त्या पेटी शिकलेल्या असल्यामुळे मी सगळे स्वरांच्या भाषेत मांडतो. माझ्या मते बँजो समजून घेण्याचा आपल्या लोकांसाठी हाच जवळचा रस्ता आहे, कारण आकृत्या पाठ करून बोटे तयार होतात, पण कान अडाणी राहतो.

जी म्हणजे पेटीची पांढरी पाच. तिला षड्ज मानले तर आपला बँजो असा लागलेला आहे : चौथी तार मंद्र पंचम, तिसरी मध्य षड्ज, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, आणि अंगठ्याजवळची ती आखूड पाचवी तार म्हणजे तार षड्ज. ही पाचवी तार पाचव्या पडद्यापाशी सुरू होते, सहसा दाबली जात नाही आणि सतारीच्या चिकारीसारखी सतत मधे मधे वाजत राहते. अशा आखूड तारेची कल्पना गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर पश्चिम आफ्रिकेतून आली. सेनेगल-गांबिया भागातील जोला लोकांच्या अकोंटिंग या वाद्यावर अंगठ्याची अशी तार आजही आहे.

आता मेख पाहा. शुद्ध गंधार मोकळ्या तारेवर आहे. पडद्यावर बोट ठेवून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही, म्हणून दुसऱ्या तारेवर कोमल गंधार या जागी मिळणे शक्यच नाही. तो तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्याला घ्यावा लागतो. पुस्तकातला जी मायनर ५-३-३-५ असा असतो तो याच कारणाने. हा नवा आकार नसून आपला ई मायनरच तीन पडदे वर सरकवलेला आहे : २-०-०-२ चे ५-३-३-५. मोकळ्या दोन तारांचे काम आता तर्जनी आडवी ठेवून करते आणि अनामिका व करंगळी बाहेरच्या दोन तारा सांभाळतात.

मग ई मायनर उदास वाटतो आणि तोच आकार वर नेल्यावर का वाटत नाही? लालबागच्या दादांनी नेमके तिथे बोट ठेवले आहे. आपण बहुधा नवशिक्यांना शिकवतात ती आठ ठोक्यांची घडी वाजवत असाल, ज्यात तारा ३-२-५-१-४-२-५-१ अशा क्रमाने येतात. या घडीत पहिली, दुसरी आणि पाचवी तार दोनदा वाजते, तिसरी आणि चौथी एकदाच. ई मायनरमध्ये ई हा षड्ज मानला तर त्याचा कोमल गंधार जी होतो. तो मोकळ्या तिसऱ्या तारेवर आहे आणि पाचव्या तारेवरही आहे, म्हणजे आठ ठोक्यांत तीन वेळा ऐकू येतो. जी मायनरमध्ये कोमल गंधार केवळ तिसऱ्या तारेवर आहे, म्हणजे आठांत एकदा, आणि उरलेल्या सात ठोक्यांत नुसते षड्ज-पंचम. सा आणि प यांत मेजरही नाही आणि मायनरही नाही. छटा नाहीशी होते असे आपण लिहिले, ते अगदी खरे आहे. ती आपल्या बोटांची चूक नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. जी मायनर ८-७-८-८ असा घेऊन पाहा. इथे कोमल गंधार चौथ्या तारेवर एकदा आणि पहिल्या तारेवर दोनदा, असा तीन वेळा येतो आणि पाचवी तार षड्जाची साथ करतच असते. याखेरीज १२-१२-११-१२ या जागीही तोच कॉर्ड आहे, तिथे कोमल गंधार दुसऱ्या तारेवर दोन वेळा मिळतो, पण तितक्या वर आवाज फार टोकदार होतो आणि मला तो आवडत नाही. या तीन आकारांपलीकडे बँजोवर मायनरसाठी फारसे शिकावे लागत नाही. ए मायनर म्हणजे १२-१२-११-१२ चाच आकार दहा पडदे खाली, डी मायनर ३-२-३-३ असा धरला तर तो ८-७-८-८ चा आकार पाच पडदे खाली.

पाचव्या तारेकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण कॉर्ड बदलला तरी ती जी चा हेका सोडत नाही. सी मायनरमध्ये ती पंचम ठरते, तेव्हा उत्तम. ए मायनरमध्ये ती कोमल निषाद होते, थोडी ओढ लागते, पण चालते. डी मायनरमध्ये शुद्ध मध्यम, तेही खपून जाते. बी मायनर (४-४-३-४) वाजवताना मात्र ती कोमल धैवत होऊन पहिल्या तारेवरच्या पंचमाला अर्ध्या सुराच्या अंतरावरून घासते आणि कान किटतो. तिथे पाचवी तार सरळ वगळावी आणि अंगठा तिसऱ्या किंवा चौथ्या तारेवर न्यावा.

तार उतरवण्याबद्दल मडगावकरांशी माझा थोडा मतभेद आहे. दुसरी तार अर्धा सूर उतरवली की बँजो सा-प-सा-कोमल ग-प असा लागतो, सगळ्या मोकळ्या तारा मिळून जी मायनर होतो. गंमत अशी की या लावणीत (तारा लावण्याच्या या पद्धतीत) शुद्ध गंधार हवा असेल तर तो दुसऱ्या तारेच्या पहिल्याच पडद्यावर एका बोटाने मिळतो. म्हणजे मेजर लावणीतून मायनर गाठायला सरकावे लागते आणि मायनर लावणीतून मेजर एका बोटाच्या अंतरावर असतो. दोन्ही गंधार लागणारे एखादे भजन आपल्याला बँजोवर बसवायचे असेल तर ही लावणी पळवाट नाही, तोच राजरस्ता आहे. फक्त लक्षात ठेवावे की दुसरी तार वापरणारे बाकी सगळे आकार तेव्हा बदलतात. पाचव्या पडद्यावर आडवे बोट ठेवले तर सी मेजर न मिळता सी मायनर मिळतो. अपॅलेशियन डोंगरातल्या जुन्या वादकांची आणखी एक लावणी आहे, तिच्यात दुसरी तार उलट अर्धा सूर चढवून मध्यमात आणतात. तिला ‘माउंटन मायनर’ म्हणत असले तरी मोकळ्या तारांत गंधार मुळी नसतोच, सा-प-सा-म-प एवढेच असते, आणि कोमल गंधार वादक चालीत स्वतः घेतो. आपल्या कानाला ती फार लवकर आपलीशी वाटेल.

वेळ जातो ही मडगावकरांची तक्रार रास्त आहे. तिच्यासाठी बँजोवादक बिल कीथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुंट्या मिळतात, ज्यांत वरचा आणि खालचा असे दोन थांबे आधीच ठरवून ठेवता येतात आणि खुंटी फिरवली की तार नेमकी त्या सुरावर जाऊन थांबते. त्या स्वस्त नसतात आणि पाच महिन्यांच्या विद्यार्थ्याला त्यांची गरजही नाही.

ए मायनरच्या बेसूरपणाचे कारण मात्र मला दूर बसून सांगता येत नाही.

उत्तर ४ : वाद्यदुरुस्तीवाला, मिरज

आमच्या गावात मुख्य काम सतार-तंबोऱ्याचे, पण माझ्याकडे गिटार, मँडोलिन आणि क्वचित बँजोही येतो. ए मायनरबद्दल मी सांगतो.

बँजोची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने कातड्यावर उभी असते. वाहतुकीत किंवा तारा बदलताना ती सूतभर सरकली तरी मोकळ्या तारा सुरात आणि दाबलेले सूर बेसूर, असा प्रकार होतो. ताईंच्या ई मायनरमध्ये दोन तारा मोकळ्या आहेत, म्हणून तो गोड लागतो, आणि ए मायनरमध्ये चारही तारा दाबलेल्या आहेत, म्हणून दोष उघडा पडतो.

तपासण्याची रीत अशी. पहिल्या तारेला बरोबर बाराव्या पडद्याच्या वर बोट नुसते टेकवून छेडावे, म्हणजे घंटेसारखा सूर निघतो. मग तीच तार बाराव्या पडद्याला नीट दाबून छेडावी. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी शेपटाच्या बाजूला, म्हणजे दांडीपासून दूर, अगदी थोडी सरकवावी, आणि उतरता असेल तर दांडीकडे आणावी. चौथ्या तारेवरही हेच करून पाहावे, कारण घोडी किंचित तिरकी उभी राहावी लागते. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल कराव्यात, पण सगळ्या एकदम काढू नयेत, नाहीतर घोडी पडेल आणि मूळची जागाच हरवेल. त्यासाठी आधी पेन्सिलीने कातड्यावर बारीक खूण करून ठेवलेली बरी.

दुसरे कारण हाताचे असते. बँजोची पहिली आणि पाचवी तार जेमतेम दहा सहस्रांश इंच जाडीची असते, दुसरीही काही फार जाड नसते. पेटीची कळ कितीही जोरात दाबली तरी सूर बदलत नाही, इथे मात्र जोर लावला की तार ताणली जाऊन सूर चढतो. ए मायनरचा कोमल गंधार नेमका दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर आहे. तिथे वरच्या पट्टीच्या (खुंट्यांजवळ तारा जिच्यावरून जातात तिच्या) खाचा उथळ राहिल्या असतील तर तार दाबायला जास्त खाली न्यावी लागते आणि पहिलाच पडदा सर्वांत जास्त चढतो. बोट पडद्याला खेटून ठेवावे आणि सूर स्वच्छ निघेल एवढाच दाब द्यावा. घोडी बरोबर असून आणि हात हलका ठेवूनही पहिल्या पडद्यावर सूर चढत असेल, तर खाचा खोल करणे हे कारागिराचे काम आहे, घरी कानस चालवू नये.

उत्तर ५ : साताऱ्याची पेटीवाली

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस प्रयोग करून मगच लिहिते आहे.

मिरजेच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे बाराव्या पडद्यावर तपासले तर पहिल्या तारेचा दाबलेला सूर स्पष्टपणे चढा निघाला. आठवले की गेल्या महिन्यात मी तारा बदलल्या तेव्हा सगळ्या एकदम सोडल्या होत्या आणि घोडी अंदाजाने परत उभी केली होती. ती जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकवली आणि ए मायनरची बोच जवळजवळ गेली. उरलेला दोष माझ्या तर्जनीचा आहे, कारण हलके दाबले की सूर बसतो आणि घाईत वाजवू लागले की पुन्हा चढतो. म्हणजे तो आता माझ्याच सवयीचा प्रश्न राहिला.

जी मायनर ८-७-८-८ घेऊन तीच आठ ठोक्यांची घडी वाजवली आणि फरक ऐकून अक्षरशः थांबले. एकच कॉर्ड दोन जागी इतका निराळा बोलू शकतो, हे पेटीवर कधी जाणवले नव्हते, कारण तिथे तिन्ही सूर एकदम धरलेले असतात. मडगावच्या दादांची दोन पडद्यांची युक्ती माझ्या गिटार वाजवणाऱ्या मुलाला सांगितली, तर त्याने तासाभरात माझ्यापेक्षा जास्त कॉर्ड काढून दाखवले, याचा आनंद मानावा की राग, ते ठरवते आहे.

आता एक उपप्रश्न विचारते. दुसरी तार उतरवून मायनर लावणीत डी मेजर कसा घ्यावा? कोमल गंधाराच्या चालीत शेवटी पंचमावरच्या मेजरवरून षड्जावर यावेसे वाटते आणि तिथे माझी बोटे जुन्याच आकारात जातात.

उत्तर ६ : पिट्सबर्गचा निवृत्त अभियंता

नेहमीच्या लावणीत डी मेजर ०-२-३-४ असा घेतात, हे आपल्याला येत असेल. दुसरी तार अर्धा सूर उतरली म्हणून त्या तारेवर एक पडदा वाढवा आणि बाकी काही हलवू नका : ०-२-४-४. चौथी तार मोकळी, तिसरीवर दुसरा पडदा, दुसरी आणि पहिली दोन्ही चौथ्या पडद्यावर. या कॉर्डमध्ये पाचवी तार पुन्हा अर्ध्या सुराने घासते, तेव्हा शेवटच्या मात्रेला तिला वगळा आणि षड्जावर आलात की मगच परत छेडा.